तिची नळी, माझी भट्टी

ती कंपनीत रुजू झाली त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "या आता आपल्या मेंब्रेनच्या प्रकल्पाच्या प्रमुख. तुम्ही दोघी एकाच भागातल्या, म्हणजे ओळख करून द्यायला नको."

खरंच नको होती. पालघरच्या कॉलेजात ती माझ्या एक वर्ष मागे होती. मी शिरगावची, ती केळव्याची. माझ्या घरी होडी आणि सुकी मासळी, तिच्या घरी नारळ-सुपारीची वाडी. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेटचं पाणी डोळ्यांच्या रेषेत कसं वाचायचं ते तिला मीच दाखवलं होतं. बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली मी आले. पुढच्या वर्षी तीही आली, पण तेव्हा मी कॉलेज सोडून बोईसरला नोकरीला लागले होते. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि होडी विकली होती. ती पुढे एम.एस्सी.ला मुंबईला गेली, तिथून जर्मनीला. मी तारापूरच्या एमआयडीसीत, सिरॅमिकच्या नळ्या करणाऱ्या या कंपनीत राहिले, वर्षामागून वर्ष.

"ताई!" म्हणत तिने उठून माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही इथेच आहात हे कळलं म्हणून तर मी हो म्हटलं."

मी हसले. हात सोडवून घेतले आणि म्हटलं, "बरं झालं आलात, मॅडम." साहेबांसमोर तिला मॅडम म्हणावंच लागणार होतं. तिला ते आवडलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं, आणि मला तेवढ्यावरच बरं वाटलं.

आता आमचं काम काय होतं ते सांगते. आमची कंपनी भट्ट्यांसाठी लागणाऱ्या नळ्या बनवते. पांढऱ्या, टणक, कितीही तापवल्या तरी न वाकणाऱ्या. मातीसारखी बारीक पावडर घ्यायची, चिकटवणारं द्रव्य घालून कणकेसारखी मळायची, मोठ्या सोऱ्यातून शेव पाडावी तशी दाबून नळी काढायची, सावलीत वाळवायची आणि भट्टीत टांगून भाजायची. मला हे सगळं हाताला माहीत आहे. ओल्या नळीवर नुसतं बोट ठेवलं तरी ती वाळताना वाकणार की नाही ते मला कळतं.

मेंब्रेनची नळी या सगळ्यांहून वेगळी. ती काळी असते, बोटाएवढी, आणि भिंत पातळ. तिला कुठेही छिद्र नसतं, हवा तिच्यातून आरपार जात नाही. पण नऊशे अंशांच्या वर तापली की तिच्या भिंतीतून फक्त ऑक्सिजन पलीकडे जातो. आतून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. एवढ्या उष्णतेला तो जरासा सुटा होतो, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा ऑक्सिजन. तसाच ठेवला तर दोघे पुन्हा एक होतात. पण सुटलेला ऑक्सिजन भिंतीतून बाहेर ओढून घेतला, तर आणखी सुटत राहतो. ओढून घ्यायला नळीच्या बाहेर थोडा हायड्रोजन ठेवायचा, नायट्रोजनमध्ये मिसळून. ऑक्सिजन त्याच्याशी जुळून वाफ होतो आणि नळीच्या आत कार्बन मोनॉक्साइड मागे राहतो, ज्यापासून कारखान्यांना पुष्कळ काही बनवता येतं. धुराड्यातून जे फुकट वर जातं ते कामाला लावायचं, असा सगळा विचार.

हे काम कंपनीत आणलं मी. कुठल्याशा प्रदर्शनात एका संशोधन संस्थेच्या माणसांशी बोलून, साहेबांच्या मागे लागून, जुन्या गोदामाचा कोपरा साफ करून घेऊन. पहिल्या नळ्या मी एकटीने केल्या. मग मोठा निधी मंजूर झाला आणि त्याबरोबर अट आली की प्रमुख डॉक्टरेटवालाच हवा. साहेब मला म्हणाले, "तुमचं स्थान तेच आहे, फक्त वर कुणीतरी लागतं कागदावर." आणि वर ती आली.

पहिले काही महिने मी तिच्यात खोट शोधत होते. ती सापडेना, याचा मला जास्त त्रास. कामगारांशी ती नीट बोलायची. भट्टी सांभाळणारा बिहारचा माणूस, जो माझ्याशी आठ-नऊ वर्षांत कामापलीकडे बोलला नव्हता, तो तिला गावाकडच्या मुलीचे फोटो दाखवू लागला. डबा खायला ती ऑफिसर लोकांच्या टेबलावर न जाता माझ्यासमोर येऊन बसायची. माझ्या डब्यातलं सुक्या जवळ्याचं कालवण मागून घ्यायची आणि बोटं चाटत म्हणायची, "ताई, तिकडे मी याच्यासाठी रडले आहे." मला वाटायचं, ही नाटकं करते. मग वाटायचं, नाही करत. आणि ते आणखी वाईट.

तिच्या नळीची कृती वेगळी होती. माझ्या नळीत स्ट्रॉन्शियम आणि कोबाल्ट. वाचून वाचून मी ती निवडली होती, कारण तिच्यातून ऑक्सिजन सगळ्यात वेगाने जातो. तिची नळी दोन पावडरींची मिळून बनलेली, एक सिरियमची आणि एक लोखंडाची. ऑक्सिजन तिच्यातून जायचा, पण रडत-रखडत. नुसत्या हवेवरच्या पहिल्या आकड्यांवर मी मनातल्या मनात नाचले. "मॅडम, माझ्या नळीच्या निम्मासुद्धा नाही हो," मी म्हटलं. ती म्हणाली, "हो ना." एवढंच. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मग खऱ्या वायूंवर चालवायची माझ्या नळीची पाळी आली. तापवून, वायू सोडून, पहिला नमुना जीसी यंत्रात टाकला. हे यंत्र वायूंचं मिश्रण वेगळं करून दाखवतं. पडद्यावर एक रेघ सरकत जाते आणि एकेका वायूच्या जागी उंचवटा येतो. कार्बन मोनॉक्साइडच्या जागी जो उंचवटा आला तो बघून मला घामच फुटला. एवढा मोठा आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. साहेब धावत आले. भट्टीवाल्याने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. साहेबांनी तिथल्या तिथे संस्थेला फोन लावला आणि "आमच्या मॅडमनी करून दाखवलं" असं म्हणाले, आणि या वेळी मॅडम म्हणजे मी होते. ती माझ्या शेजारी उभी राहून पडदा पाहत होती. मला वाटलं, जळते आहे. इतका गोड दिवस माझ्या नोकरीत दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टची बस गेटपाशी थांबली तेव्हा ती पायऱ्यांवर माझी वाट पाहत होती. आत जायच्या आधी मला बाजूला, सायकल स्टँडकडे घेऊन गेली.

"ताई, रागावू नका. नायट्रोजन कुठून आला?"

"कसला नायट्रोजन?"

"नळीच्या आतल्या बाजूच्या नमुन्यात. छोटा उंचवटा आहे, पण आहे. आत तर आपण फक्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. नायट्रोजन आहे बाहेरच्या बाजूला, हायड्रोजनबरोबर."

तिने पुढचं वाक्य उच्चारायच्या आधी मला सगळं कळलं. नळीला चीर गेली होती. नायट्रोजन आत आला म्हणजे हायड्रोजनही आत आला. आणि त्या उष्णतेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला भेटला की आपोआप कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला मेंब्रेनची गरजच नसते. कालचा तो डोंगराएवढा उंचवटा फुटक्या नळीचा होता. कोबाल्टवाल्या नळीला हायड्रोजन सोसत नाही, हे मी वाचलं होतं. मला वाटलं होतं, इतक्या थोड्या हायड्रोजनला चालून जाईल.

"साहेबांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही. तुम्हीच सांगा. तुमच्या लक्षात आलं असं सांगा."

मी साहेबांना सांगितलं. माझ्याच लक्षात आलं असं मात्र म्हटलं नाही. "त्यांनी पकडलं," म्हटलं. तिचं दान मला नको होतं. साहेबांनी फोन करून संस्थेकडे शब्द मागे घेतला आणि माझ्याशी एक अक्षरही वाकडं बोलले नाहीत. तिने मला चारचौघांत उघडं पाडलं असतं, तर मी तिचा मनसोक्त द्वेष केला असता. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

त्यानंतर माझ्या नळ्या फडताळात गेल्या आणि तिच्या नळ्या माझ्या भट्टीत आल्या. कृती तिची, पण नळी ओढायची मी, वाळवायची मी, भाजायची मी. तिच्या त्या दोन पावडरी एकमेकींशी पटवून घेत नव्हत्या. एक आधी आक्रसायची, एक नंतर, आणि नळी केळ्यासारखी वाकून बाहेर यायची. मी भट्टी किती हळू चढवायची, कुठे किती वेळ थांबवायची, हे पुन्हा पुन्हा बदलत गेले. रागाने करत होते, पण वाईट करता येत नव्हतं. वाकडी नळी माझ्या हातून बाहेर गेलेली मला बघवत नाही. शेवटी सरळ नळ्या निघू लागल्या. ती एक नळी उजेडात धरून फिरवत राहिली आणि म्हणाली, "किती सुंदर!" मीही त्या नळीकडेच बघत होते. माझ्या कोबाल्टच्या नळ्या कधी इतक्या सरळ आल्या नव्हत्या.

एका रविवारी ती शिरगावला आमच्या घरी आली. मी बोलावलं नव्हतं. किल्ल्याकडे भाचरांना घेऊन आली होती, म्हणे, आणि घर विचारत विचारत पोचली. आई अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. ती सरळ आईजवळ गेली, चपला काढल्या आणि बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या करू लागली. वाडीवाल्यांच्या पोरीला हे काम येतं, याचंच आईला कौतुक.

"काय गो, तुमी दोगी करता तरी काय तिकडं?" आईने तिला विचारलं. "ही सांगते, पन मला काय कलत नाय."

मी कितीतरी वेळा सांगितलं होतं. आयन, भार, जाळीतल्या रिकाम्या जागा. आई हं हं करायची आणि मध्येच चुलीकडे जायची.

ती म्हणाली, "मावशी, टँकर आला की पाण्याची रांग लागते ना? रांगेत पुढची बाई भरून निघाली की तिची जागा रिकामी होते. मागची पुढे सरकते, मग तिच्या मागची. आमच्या नळीची भिंत म्हणजे तशी रांग. आत फक्त ऑक्सिजनला उभं राहायला मिळतं. दुसऱ्या कुणाला घेत नाहीत. नळीच्या पलीकडे एक हंडा भरून निघाला की अलीकडचा आत शिरतो."

"आनि बाकीचे?"

"बाकीचे बाहेरच राहतात."

"मंग त्या उरलेल्याचं काय करता?"

"तो कामाचा असतो, मावशी. पण विषारी. खोलीच्या भिंतीवर घंटी लावून ठेवली आहे, जरा बाहेर आला की ओरडते."

"इख काडता नं तेला कामाचं म्हनता!" आई हसून हसून खोकायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बग, ही कशी सांगते. सगला कलला मला. तू नुस्ती विंग्रजी बोलते."

मी चहा ठेवायला आत गेले. साखरेचा डबा समोर असून मला दिसेना. कंपनीत जे घेतलं ते घेतलं, पण आईही? ती निघाली तेव्हा आईने तिला सोड्यांची पिशवी दिली. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आई पाहुण्यालासुद्धा मोजून देते. तिला तिने ओंजळीने भरून दिले. आणि पुढे कित्येक महिने मी घरी पोचले की पहिला प्रश्न, "ती बरी हाय ना गो?"

हिवाळ्यात मोठी चाचणी सुरू झाली. तिची नळी तापवून, दोन्ही बाजूंचे वायू सोडून, न थांबवता चालवत राहायची. संस्थेची माणसं आणि बाहेरचे पाहुणे बघायला येणार होते, तोवर ती चालती राहायला हवी होती. ही नळी एकदा तापली की थंड करायची म्हणजे जीव मुठीत. थंड होताना तडा जायची शक्यता फार, आणि एवढी चांगली दुसरी नळी तयार नव्हती.

आकडे लहान होते. पण रोज तेच. माझ्या नळीचा उंचवटा एका दिवसाचा, तिचा आठवडे उलटले तरी तसाच, जणू दुसरं काही येतच नाही. रोज सकाळी बसमधून उतरले की मी आधी जीसीसमोर जायचे. लोकांना वाटायचं, मला काळजी. मी पडद्यावर नायट्रोजनची जागा बघायचे. तिथे रेघ सपाट असायची, आणि ती सपाट आहे हे बघून दिवसाची सुरुवात कडू व्हायची. असं मनात येऊ नये हे मला कळत होतं. येत होतं.

आणि एका सकाळी तिथे उंचवटा दिसला.

माझ्या मागून भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, वो मॅडम बोली है, आज ठंडा करना है. ट्यूब लीक हो गया." तो रडवेला झाला होता. ती साहेबांच्या केबिनमध्ये सांगायला गेली होती.

मी खुर्चीत बसले. खरं सांगते, छातीतून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास. फुटली. तिचीही फुटली. आम्ही दोघी पुन्हा एका पायरीवर. मी तो छोटा उंचवटा डोळे भरून पाहत राहिले, आपल्याच घरचं मूल पाहावं तसा.

पाहता पाहता लक्षात आलं की पडद्यावर रेघेची सुरुवात दिसत नाहीये. तिने आधीचा भाग कापून टाकला होता, कारण तिथे कधी काही येतच नसे. सवयीने मी चित्र मागे सरकवलं. नायट्रोजनच्या जरा आधी आणखी एक उंचवटा होता, त्याहून लहान. ऑक्सिजन.

नळी फुटली असती तर बाहेरच्या बाजूचा नायट्रोजन आत आला असता, पण त्याच्याबरोबर हायड्रोजन. ऑक्सिजन नाही. आणि तसा ऑक्सिजन एवढ्या तापल्या नळीत मोकळा राहिलाच नसता. नायट्रोजन आणि त्याच्या पाव भागाएवढा ऑक्सिजन, दोघे जोडीने, म्हणजे साधी हवा. म्हणजे भट्टीच्या बाहेर, थंड भागात, नमुना ओढणाऱ्या पंपाच्या अलीकडे कुठेतरी जोड सैल आहे आणि पंप खोलीतली हवा ओढतो आहे. नळी धडधाकट होती.

हे फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसले असते तर दुपारपर्यंत भट्टी उतरवायला घेतली असती, आणि थंड होताना ती नळी बहुतेक खरोखरच फुटली असती. मग कुणी मागे जाऊन रेघेची सुरुवात बघायलाही गेलं नसतं. त्या खुर्चीत मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. चहावाला कप ठेवून गेला आणि चहावर साय धरली.

दार उघडून ती आत आली. डोळे सुजलेले, केस तसेच. "संपलं, ताई," ती म्हणाली, आणि भट्टीच्या नियंत्रकाकडे हात नेला.

"हात काढ तिथला," मी ओरडले. कंपनीत तिला पहिल्यांदा एकेरी बोलले ते असं. "आधीचा भाग का कापलास? डोळे फुटले होते?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. मी पाना घेतला आणि पंपाकडे गेले. जोडावरचा नट बोटानेही फिरत होता. पंपाच्या थरथरीने सैल झाला असावा. तो घट्ट करताना माझ्या मनात काय यावं? की आता कुणी पाहिलं तर म्हणेल, हिनेच सैल केला असेल.

पुढचा नमुना टाकला. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे होतो. रेघ सरकत गेली. ऑक्सिजनच्या जागी सपाट. नायट्रोजनच्या जागी सपाट. मग कार्बन मोनॉक्साइड, कालच्यासारखाच. ती माझ्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण हात कुठे ठेवायचा ते सुचेना.

मी चांगली म्हणून बोलले, असं मला आजही वाटत नाही. ती नळी मी ओढली होती. वाळताना दिवसातून दहा वेळा जाऊन तिला बघून आले होते. एका सैल नटासाठी ती मरावी, हे मला सहन झालं नसतं. तिची असती, नुसती तिचीच असती, तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही.

पाहुणे आले. मांडव घातला होता, हार होते, शाली होत्या. साहेबांचं भाषण झालं. मग ती उठली. लिहून आणलेला कागद तिने बाजूला ठेवला आणि मला नावाने हाक मारून वर बोलावलं. "ही नळी माझी नाही," ती माइकवर म्हणाली. "कृती माझी. नळी ताईंची. आणि ज्या दिवशी मी हिला मारायला निघाले होते, त्या दिवशी ताईंनी हिला वाचवलं. शाल त्यांना द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मला शाल घातली. मी खाली बघत होते, लोकांना वाटलं भारावले. त्या टाळ्या तिच्या मोठेपणाला होत्या, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मला हवं होतं ते सगळं तिने माझ्या हातात दिलं, आणि देणारी ती होती म्हणून ते माझं राहिलं नाही. जेवणाच्या वेळी लोक माझ्याजवळ येऊन म्हणत होते, "काय बाई आहे हो तुमच्या मॅडम! इतकं शिकून किती साधी!" मी मठ्ठा पीत हो हो म्हणत राहिले.

वर्षभराने तिला दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने बोलावलं. जाताना ती आईला भेटायला शिरगावला आली आणि आई रडली. मी पालघर स्टेशनपर्यंत पोचवायला गेले. रिक्षात ती म्हणाली, "ताई, मी तिकडे होते तेव्हा कुणी विचारलं की तू ही वाट का धरलीस, तर मी तुमचं सांगायचे. कॉलेजात तुम्ही पहिल्या आलात आणि मला वाटलं, मलाही असं व्हायचंय. मला तुमचा फार हेवा वाटायचा."

मी बाहेर बघत होते. "मलाही," एवढंच म्हटलं. रिक्षाच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही, विचारलं नाही.

मला वाटलं होतं, ती गेली की मी मोकळी होईन. पहिला आठवडा तसा गेलाही. मग डब्याला समोर कुणी नसायचं. सकाळी जीसीसमोर जाऊन बसले की ज्याचं काही बिघडावं असं मनात यावं, असं कुणीच उरलं नव्हतं. साहेबांनी प्रकल्प माझ्या हाती दिला. आता कागदावर वर कुणी लागतं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

मी कोबाल्टकडे परत गेले नाही. लोखंड आणि टायटॅनियम घेऊन नवी कृती बसवली, एकाच पावडरीची, म्हणजे भाजताना भांडण नाही. गेल्या उन्हाळ्यात ती नळी चढवली. हायड्रोजन तिने सोसला. कार्बन डायऑक्साइडही सोसला. नायट्रोजनच्या जागी रोज सपाट रेघ, आणि या वेळी सपाट बघून मला बरं वाटत होतं. पुरेसे दिवस झाल्यावर मी जीसीच्या रेघेचा कागद छापून काढला, भट्टीवाल्याला दाखवला, साहेबांना दाखवला. आणि मग तिला फोन लावला. दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधानच होत नव्हतं. त्या उंचवट्याची किंमत कळणारं माणूस माझ्या ओळखीत ते एकच.

"टिकली?" ती ओरडलीच. "हायड्रोजनमध्ये? ताई! ताई, मी नाचते आहे, इथले लोक बघताहेत!"

ती खरंच खूश झाली होती. आवाजात कळतं. मीही हसत होते, डोळ्यात पाणी होतं.

मग ती म्हणाली, "आणि ऑक्सिजन किती जातो?"

मी आकडा सांगितला.

"अरे वा, छान," ती म्हणाली. आणि क्षणभर थांबून, अगदी सहज, "आमची नवी नळी याच्या दुप्पट देते आहे. तिचे फोटो पाठवते, बघा हं."

फोन ठेवल्यावर फोटो आले. काळी, बोटाएवढी, पातळ भिंतीची, आणि काय सरळ होती! मी चष्मा काढून, मोठी करून, टोकापासून टोकापर्यंत बघितली. मग भट्टीवाल्याला हाक मारली आणि सांगितलं, उद्याची पावडर आणखी बारीक दळायची आहे, भिंत अजून पातळ ओढायची आहे.